सॉनेट, चौदा ओळी आणि एक मार्क

सॉनेट म्हणजे चौदा ओळींची कविता, ही व्याख्या शिकवणं आता बंद करावं असं माझं स्पष्ट मत आहे. व्याख्या चूक आहे असं नाही. माणूस म्हणजे दोन पायांचा प्राणी, इतकी ती बरोबर आहे. पण पाय कोंबडीलाही दोनच असतात, आणि आपण परीक्षेत मुलांना पाय मोजायला लावतो आणि वर त्याचे मार्कही देतो.

माझी भाची इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करते आहे. तिच्या क्लासच्या नोट्स परवा चाळल्या. (ताई, तू हे वाचणार आहेसच, रागावू नकोस. पोरगी हुशार आहे, नोट्स भिकार आहेत.) सॉनेटवर अर्धं पान. चौदा ओळी, आयँबिक पेंटॅमीटर, प्रकार दोन. पेट्रार्कन: एबीबीए एबीबीए सीडीई सीडीई. शेक्सपिअरियन: एबीएबी सीडीसीडी ईएफईएफ जीजी. खाली चौकटीत लिहिलेलं, 'यमकरचना ओळखा, हमखास विचारतात, १ मार्क.' मी तिला विचारलं, अगं पण त्या शेवटच्या दोन ओळींत नेमकं होतं काय? ती म्हणाली, "जीजी, मावशी."

आणि तिला मार्क मिळणार, हे त्यातलं खरं दुःख.

माझं म्हणणं असं आहे. सॉनेट हा वाद घालायचा साचा आहे. आधी काहीतरी मांडलं जातं, मग एका ठिकाणी कविता वळते (इटालियनमध्ये या जागेला 'व्होल्टा' म्हणतात, म्हणजे वळणच), आणि उरलेल्या जागेत मांडलेल्याला उत्तर मिळतं, किंवा ते उलटतं, किंवा पार कोसळतं. चौदा ओळी, दहा अक्षरं, यमकं ही सगळी मंडळी या वळणाच्या तैनातीला आहेत. वळणाचं नावही न काढता यमकरचना पाठ करून घ्यायची म्हणजे क्रिकेट शिकवताना स्टंप किती इंच उंच असतात ते घोकून घ्यायचं आणि बॅट हातात द्यायचीच नाही.

हा साचा मुळात इंग्रजांचा नाहीच. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिसिलीमध्ये, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारात, जाकोमो दा लेंतिनी नावाचा कवी होता. सॉनेटचं जनकत्व सहसा त्याच्याकडे दिलं जातं. पेशानं हा गृहस्थ नोटरी! मला हा तपशील फार आवडतो. कायद्याच्या कागदांत दिवस घालवणाऱ्या माणसाच्या हातून हा प्रकार जन्माला यावा यात मला तरी काही योगायोग वाटत नाही. आपल्याकडचे जुने सरकारी कागद आठवा: 'ज्याअर्थी अमुक तमुक... त्याअर्थी आता...' सॉनेटचा सांगाडा हाच आहे. पहिल्या आठ ओळी 'ज्याअर्थी', पुढच्या सहा ओळी 'त्याअर्थी'. सिसिलीत आठ ओळींचं एक लोकगीत गायलं जायचं, त्याला सहा ओळी जोडून सॉनेट झालं असावं असा अभ्यासकांचा कयास आहे.

आता इथे थांबून जरा विचार करा. आठाला आठ जोडल्या असत्या तर काय झालं असतं? सवाल-जवाब. दोन्ही बाजू सारख्या, फड रंगला, मंडळी घरी. पण आठाला सहा जोडल्या की उत्तराला प्रश्नापेक्षा कमी जागा मिळते. त्याला दाटीवाटीनं बसावं लागतं, जोर लावावा लागतो. ही विषम वाटणी हेच सॉनेटचं इंजिन आहे असं मी मानते, आणि नोट्समध्ये ते एका आडव्या रेघेनंसुद्धा दाखवलेलं नसतं.

पेट्रार्कनं (१३०४ ते १३७४) हा साचा प्रेमकवितेसाठी असा काही राबवला की त्याच्या 'कान्झोनिएरे'तल्या ३६६ कवितांपैकी ३१७ सॉनेट आहेत. इंग्लंडमध्ये ते आणलं सर थॉमस वायटनं, सोळाव्या शतकात. आठव्या हेन्रीच्या पदरी वकिलात सांभाळणारा माणूस. आणि इथे एक व्यावहारिक अडचण आली, जी नोट्स लिहिणाऱ्यांना ठाऊकच नसावी. इटालियन शब्द बहुतेक सगळे स्वरान्त, त्यामुळे यमकं ढिगानं. एकाच यमकाचे चार शब्द, असे दोन संच पहिल्या आठ ओळींत बसवणं त्यांना डाव्या हातचा मळ. इंग्रजीचे प्रत्यय तोवर झडून गेलेले. 'लव्ह' या शब्दाचंच बघा ना. यमकाला काय मिळतं? डव्ह, ग्लव्ह, अबव्ह आणि शव्ह. कबुतर, हातमोजा, वर आणि ढकल! एवढ्या भांडवलावर या लोकांनी शेकडो प्रेमकविता लिहिल्या, धन्य आहे. (आपल्याला याची कल्पना येत नाही. मराठीत करतो-भरतो-सरतो-हरतो म्हणत संध्याकाळपर्यंत बसता येतं, म्हणून तर लग्नातल्या मंगलाष्टकांना अंत नसतो.)

तर यावर तोड काढली अर्ल ऑफ सरे या तरुण सरदारानं. त्यानं यमकांची सक्ती सैल केली. चार-चार ओळींचे तीन गट, प्रत्येक गटाची यमकं वेगळी, आणि शेवटी दोन ओळींची जोडी. १५४७ साली आठव्या हेन्रीनं मरता मरता याचं डोकं उडवलं. वायट त्याआधीच, १५४२ मध्ये गेलेला. दोघांच्या कविता १५५७ साली टॉटेल नावाच्या प्रकाशकानं छापल्या. शेक्सपिअरचा जन्म १५६४ चा. म्हणजे 'शेक्सपिअरियन सॉनेट' तयार होऊन छापून आलं तेव्हा शेक्सपिअर या जगात नव्हता.

नाव कुणाचं द्यायचं यावर मी भांडणार नाही. भांडण पुढे आहे. यमकांच्या सोयीसाठी केलेल्या या बदलानं विचार करायची पद्धतच बदलली. इटालियन साच्यात 'त्याअर्थी'ला सहा ओळी होत्या. त्यात शंका काढता येते, थोडं मागे येता येतं, शहाणं होता येतं. इंग्रजी साच्यात 'ज्याअर्थी' तीन वेळा तीन अंगांनी म्हणायचं आणि निकाल दोन ओळींत द्यायचा, तोही खणखणीत यमकात. म्हणजे निकाल एकतर वीज पडावी तसा पडणार, नाहीतर लग्नातल्या उखाण्यासारखा वाजणार. दोन्ही झालेलं आहे. स्वतः शेक्सपिअरच्या कित्येक सॉनेटांत शेवटची जोडी मला तरी शिंप्यानं घाईत घातलेल्या टाक्यासारखी वाटते. कीट्सलाही १८१९ मध्ये हेच खुपत होतं. भाऊ-भावजयीला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की इटालियन तऱ्हेची यमकं इंग्रजीत फार अंगावर येतात, आणि दुसऱ्या तऱ्हेतली शेवटची जोडी क्वचितच बरी वाटते. म्हणून तो तिसरंच काहीतरी शोधत बसला होता. म्हणजे ही यमकरचना लिहिणाऱ्याच्या जिवाला लागलेली गोष्ट होती. आपण तिचा 'जोड्या लावा' केला.

बरं, ही पाठांतराची व्याख्या आली कुठून? जॉर्ज गॅस्कॉइन नावाच्या कवीनं १५७५ साली कविता कशी लिहावी यावर टिपणं काढली होती. तेव्हा लोक कुठल्याही छोट्या कवितेला सॉनेट म्हणत, त्याला वैतागून त्यानं लिहिलं की माझ्या मते चौदा ओळी आणि ओळीत दहा अक्षरं असतील त्यालाच सॉनेट म्हणावं. पहिल्या बारा ओळी चार-चारच्या गटात, आणि शेवटच्या दोन ओळी यमक जुळवून सगळ्याचा समारोप करतात. म्हणजे नोट्सचं अर्धं पान साडेचारशे वर्षं जुनं आहे. आणि त्या नकलेतही काय गाळलंय पाहा: गॅस्कॉइननं शेवटच्या ओळी काय करतात ते सांगितलं होतं. नोट्समध्ये फक्त जीजी उरलं.

आता या नोट्सना घेऊन शेक्सपिअरकडेच जाऊ. १६०९ साली छापलेली १५४ सॉनेटं. त्यातलं ९९ क्रमांकाचं मोजा. पंधरा ओळी! १४५ क्रमांकाच्या ओळीत दहाऐवजी आठच अक्षरं. आणि १२६ मध्ये बाराच ओळी, त्याही दोन-दोनच्या जोड्यांत. त्या मूळ छापील प्रतीत तेरावी-चौदावी ओळ जिथे यायची तिथे नुसते रिकामे कंस छापलेत. कंस कवीनं घातले की छापणाऱ्यानं, यावर विद्वान भांडतात. मला ते रिकामे कंस हेच उत्तर वाटतं. सुंदर तरुणाला काळ एक दिवस गाठणार, निसर्गाला हिशेब चुकता करावाच लागणार, असं त्या कवितेत सांगितलंय आणि मग हिशेबाची जागा मोकळी. आमच्या नोट्सप्रमाणे हे सॉनेटच नाही, म्हणजे त्याला शून्य मार्क.

आणि सगळ्यांनी वाचलेलं १८ क्रमांकाचं घ्या, उन्हाळ्यातल्या दिवसाशी तुलना करणारं. यमकं बघाल तर चार-चार-चार-दोन. विचार बघाल तर आठ-सहा! पहिल्या आठ ओळी उन्हाळ्याच्या तक्रारी, की वारा फार, मुदत थोडी, ऊन कधी फार तर कधी गायब, आणि सुंदर ते सगळं कधीतरी उतरणीला लागतं. नवव्या ओळीचा पहिला शब्द 'पण'. २९ क्रमांकातही तसंच, आठ ओळी नशिबाला रडून झाल्यावर नवव्या ओळीशी गाडी वळते. म्हणजे इंग्रजी सदरा आणि आत इटालियन काळीज. हे पेट्रार्कन की शेक्सपिअरियन? परीक्षेत जे लिहायचं ते लिहा, पण कविता कळायची असेल तर आठव्या ओळीखाली बोटानं रेघ मारा.

याउलट ६६ वं. त्यात कवी जगाला विटलाय. काय काय बघावं लागतं त्याची यादी देतो. लायक माणूस भिकेला लागलेला, नालायक नटून बसलेला, कलेच्या तोंडावर सत्तेनं बांधलेलं फडकं, वेडगळ माणूस जाणत्यावर हुकूम चालवणारा. (कुठल्याही दिवसाचं वर्तमानपत्र उघडा.) सलग दहा ओळी 'आणि'नं सुरू होतात. आठवी ओळ गेली, वळण नाही. बारावी गेली, नाही. तेरावीत पुन्हा पहिलंच रडगाणं, आणि मग शेवटच्या ओळीत तो थबकतो, कारण मेलो तर माझं माणूस मागे एकटं पडेल. बस. तेरा ओळी वाचक वळणाची वाट बघत राहतो, म्हणून चौदावी अशी लागते. आता सांगा, चौदा हा आकडा कशासाठी असतो? जागा किती उरली आहे हे वाचणाऱ्याला आतून कळावं यासाठी. शेवटची गाडी किती वाजता सुटते हे माहीत असलेला माणूस घड्याळाकडे ज्या नजरेनं बघतो, ती नजर वाचकाला मिळावी यासाठी.

मिल्टन याच्याही पुढे गेला. तो पूर्ण आंधळा झाला १६५२ च्या सुमाराला. आंधळेपणावरच्या त्याच्या सॉनेटात वळण नवव्या ओळीपर्यंत थांबतच नाही, आठव्या ओळीच्या मध्यातच घुसतं. तक्रार पुरती बोलूनही होत नाही तोच धीर येऊन तिला अडवतो. जागेच्या आधी आलेलं वळण हाच त्या कवितेचा अर्थ आहे. १६५५ साली पिडमाँटमध्ये वॉल्डेन्सियन पंथाच्या लोकांची कत्तल झाली तेव्हा क्रॉमवेलच्या सरकारची निषेधाची पत्रं लिहिली मिल्टननं, आणि त्याच घटनेवर सॉनेटही लिहिलं. पत्रं राजनैतिक भाषेत, सॉनेटात मात्र यमकाच्या जागी लांबलचक 'ओ' पुन्हा पुन्हा येतो, कुणी दरीत ओरडावं तसा. प्रेमाशिवाय सॉनेटात काही बसत नाही म्हणणाऱ्यांनी ते एकदा मोठ्यानं वाचावं.

शेलीच्या 'ऑझिमँडियस'ला (१८१८) तर या दोन डब्यांत जागाच नाही. यमकं आहेत एबीएबीए सीडीसी ईडीईएफईएफ, म्हणजे एक गट संपायच्या आत दुसऱ्याचा पाय आत आलेला. शाळेच्या पुस्तकांतून अनेकांनी ही कविता वाचलेली असते. तिथे 'यमकरचना: अनियमित' असं लिहून सुटका करून घेतात. अनियमित काय! दगडाचे तुकडे वाळूत अर्धवट रुतलेत, त्याबद्दल चाललंय ना?

आणि माझा हुकमाचा पत्ता म्हणजे जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स. १८७७ साली या जेझुइट कवीनं 'पाइड ब्यूटी' लिहिली, साडेदहा ओळींची, आणि तिला छाटलेलं सॉनेट म्हटलं. (कविता छापली गेली १९१८ मध्ये, तो जाऊन एकोणतीस वर्षं झाल्यावर.) साडेदहाच का? त्यानं चक्क गणित मांडून दाखवलं. आठाचे पाऊणपट सहा, सहाचे पाऊणपट साडेचार. सहा अधिक साडेचार, साडेदहा. ओळी कमी केल्या, प्रमाण सोडलं नाही. सॉनेटचा जीव कशात आहे हे त्याला नेमकं माहीत होतं.

इथपर्यंत वाचून आमच्या मुक्तछंदवाल्या मित्रमंडळींना गुदगुल्या होत असतील की बघा, नियम मोडले तरच कविता होते. तर तुमच्याशीही माझं वाकडं आहे. :) साचा म्हणजे बेडी, तो उच्चभ्रूंचा खेळ, हे ऐकून कान किटले. १९१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत काळ्या लोकांवर गावोगावी हल्ले झाले. त्यावेळी क्लॉड मॅकेनं, जमेकातून आलेल्या आणि रेल्वेच्या डब्यात वाढप्याचं काम करणाऱ्या माणसानं, 'इफ वी मस्ट डाय' लिहिली. काटेकोर इंग्रजी सॉनेट, एकही यमक ढळलेलं नाही. मरायचंच तर डुकरांसारखं कोंडून नाही, उलटे वार करत. या रागाला ती शेवटची दोन ओळींची जोडी भिंतीसारखी पाठीला मिळते. मुक्तछंदात तो राग सांडला असता असं मला वाटतं. आणि टेरन्स हेजनं २०१८ मध्ये सत्तर अमेरिकन सॉनेटांचं पुस्तक काढलं, सगळ्यांचं शीर्षक एकच. त्यात ठरलेली यमकं नाहीत, पण चौदा ओळींची खोली आणि वळण आहे, म्हणून माझ्या लेखी ती सॉनेटं. उलट गद्य परिच्छेदाचे चौदा तुकडे करून वर 'सॉनेट' लिहिणारे जे असतात, त्यांच्यासाठी वर कोंबडीची सोय केलेली आहेच.

मराठीतही तेच झालंय, म्हणून हे इतकं लांबवतेय. केशवसुतांनी सॉनेट मराठीत आणलं, त्याला चतुर्दशक म्हटलं, पुढे सुनीत हे नाव रुळलं. बरीचशी सुनीतं शार्दूलविक्रीडितात आहेत. त्याच्या ओळीत एकोणीस अक्षरं. चौदा गुणिले एकोणीस, २६६. इंग्रजी सॉनेटात चौदा गुणिले दहा, १४०. म्हणजे खोलीचं नाव तेच, क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट! शिवाय इंग्रजी ओळ आघातावर चालते, लघु-गुरूंवर नाही, त्यामुळे ती बोलता बोलता वाकते. आपली ओळ पालखीसारखी चालते. मग मराठी सुनीताचं वळण वेगळं पडतं का? कुठे पडतं? विंदा करंदीकरांनी मुक्तसुनीतं लिहिली तेव्हा त्यांनी वृत्ताची पालखी खाली ठेवली, मग हातात काय ठेवलं? एम.ए.च्या मुलांना विचारायला हे प्रश्न काय वाईट आहेत? पण विचारलं जातं 'सुनीताचे चरण किती?'

यावर एक हमखास येणारा आक्षेप असा, की वळण कुठे आहे यावर दहा मुलं दहा उत्तरं लिहितील, तपासणार कसं? लिहू देत की दहा. आठव्या ओळीशी म्हणणाऱ्यानं कारण द्यावं, बाराव्या ओळीशी म्हणणाऱ्यानंही द्यावं. कारणाला मार्क. तपासायला वेळ लागेल हे मान्य, पण म्हणून सोपं ते विचारायचं, हा न्याय आपण गणिताच्या पेपरात लावत नाही.

आणि दुसरा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय. मग उद्या सोळा ओळींनाही सॉनेट म्हणशील! म्हणेन. जॉर्ज मेरेडिथनं १८६२ मध्ये 'मॉडर्न लव्ह' छापलं, सोळा-सोळा ओळींच्या पन्नास कविता. त्याची बायको एका चित्रकाराबरोबर निघून गेली होती, त्या मोडलेल्या संसाराची छाया सगळीकडे आहे. पहिल्याच कवितेत नवरा-बायको एका पलंगावर, अंधारात, दोघंही जागे आणि गप्प. रचना आहे चार-चार ओळींचे चार गट, प्रत्येक गट एबीबीए असा बाहेरून बंद केलेला, आणि शेवटी समारोपाची जोडी नाही. त्या घरात शेवटचा शब्द दोघांपैकी कुणालाच मिळत नव्हता. दोन ओळी जास्त झाल्या म्हणून त्यांना यादीतून काढायचं असेल त्यांनी आधी ती पन्नासच्या पन्नास वाचावीत, मग खुशाल भांडायला यावं. चहा मी टाकते.